कोटाच्या पाठीवरची नदी

बँकेच्या साहेबांच्या कोटाच्या पाठीवर मी नदी काढली. चांगली जाड, दोन वळणांची, सैन्य पार व्हायला मध्ये उतार ठेवलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी टेलर मास्तरांनी ती या कडेपासून त्या कडेपर्यंत कापली.

हे कुणालाही सांगितलं की माणूस आधी हसतो. मलाही हसू आलं असतं, पण मी तेव्हा नववीत होतो आणि दप्तर पाठीला लावून दुकानाच्या दारात उभा होतो. कटिंगच्या टेबलावर ते राखाडी, भारी कापड दोन तुकडे होऊन पडलं होतं. तुकडे जरा सरकले होते, आणि मधल्या फटीतून टेबलाचं लाकूड दिसत होतं, नेमकं माझ्या नदीच्या आकाराचं. पहिल्या वळणावर खडू ओढताना माझा हात किंचित हलला होता, तिथे नदीला एक बारीक फुगवटा आला होता. मास्तरांनी तो फुगवटासुद्धा सोडला नव्हता. मोठी कात्री नदी संपते तिथे तोंड उघडं टाकून पडली होती, जणू तिलाही पुढे काय बोलावं ते सुचत नव्हतं.

बोलणी बसणार, कान पिळला जाणार, घरी कळणार, हे सगळं एका क्षणात डोळ्यापुढून गेलं. पण त्याच्याही खाली एक प्रश्न होता आणि त्यानेच मी जास्त थिजलो होतो. मी चुकलो, ठीक आहे, मी चुकण्यासाठी प्रसिद्धच होतो. पण ज्या माणसाने आयुष्यात कापडाला वाकडी कात्री लावली नाही, त्याने नदी कापलीच कशी?

आता टेलरच्या टेबलावर नदी आली कुठून, ते सांगायला हवं.

मास्तरांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काचेचं कपाट, त्यात बटणांच्या बरण्या. मागे खिडकीपाशी दोन पायमशिनी, एक मास्तरांची, एक काकूंची. आणि मध्ये कटिंगचं टेबल. ते इतकं मोठं होतं की दारातून आत गेलंच कसं, यावर गल्लीत कायम वाद असायचा. मास्तरांना विचारलं तर म्हणायचे, आधी टेबल होतं, खोली नंतर त्याच्या मापाने शिवली. वरच्या मजल्यावर त्यांचं घर. मूलबाळ नव्हतं. त्यावर एखादी बाई दुकानात बसून हळहळायला लागली की काकू टेप काढून तिचं माप घ्यायला सुरुवात करायच्या. मग ती पोट आत ओढून घ्यायची आणि श्वास रोखलेल्या माणसाला हळहळता येत नाही.

मास्तर उंच, हडकुळे, गळ्यात टेप. तो टेप ते झोपतानाही काढत नसावेत असा आमचा अंदाज होता. शिवणकाम ते त्यांच्या मामाकडे शिकले. मामा म्हणजे एक प्रकरणच होतं. त्याने भाच्याला कितीतरी वर्षं कात्रीला हात लावू दिला नाही, नुसती काजं करायला बसवलं. मास्तर सांगायचे, "काजं करता करता मला मिसरूड फुटली. मामाच्या लक्षातच आलं नाही, तो काजंच बघत होता." शेवटी ज्या दिवशी कात्री हातात आली त्या दिवशी मामाने एकच गोष्ट बजावली: खडूवर विश्वास ठेव, डोळ्यावर ठेवू नकोस. डोळा लाडावलेला असतो. मास्तरांनी हे इतकं मनावर घेतलं होतं की खडूची रेघ जिथे जाईल तिथे त्यांची कात्री जायची, मध्ये थांबायची नाही, मागे यायची नाही. बघायला लोक उभे राहायचे.

आमची लढाई सुरू झाली ती या दुकानाच्या पायरीवर. मी आणि माझा मित्र. त्याला सगळे वकील म्हणायचे, कारण तो आईने हाक मारली तरी आधी कशासाठी ते विचारायचा. आम्ही बाटल्यांची झाकणं मांडून सैन्य सैन्य खेळत होतो आणि नेहमीप्रमाणे कुणाचं झाकण मेलं यावर भांडत होतो. आतून मास्तर म्हणाले, "पायरीवर कसले लढता? जमिनीवर लढतात ते शिपाई. सेनापती टेबलावर लढतात. या आत."

आम्ही आत गेलो ते पुढची दोन-अडीच वर्षं आतच होतो.

मास्तरांनी टेबलावर जुन्या अस्तराची राखाडी चादर पसरली आणि बरण्या ओतल्या. शर्टाची चार भोकांची पांढरी बटणं म्हणजे पायदळ. कोटाची मोठी, खडबडीत बटणं म्हणजे घोडदळ. पितळी बटण सेनापती. रिकामी रिळं म्हणजे बुरूज, मशीनच्या बॉबिनी म्हणजे तोफा, चादरीखाली चिंध्यांचे बोळे सारले की डोंगर. पायदळाने एका डावात दोन इंच चालायचं, घोडदळाने पाच, डोंगर चढताना निम्मं, आणि हे सगळं टेपने मोजायचं. तोफ लागली की नाही ते फाशावर. रस्ते, जंगलं आणि नद्या खडूने काढायच्या. ते काम माझं, म्हणून मास्तरांनी माझं नाव नकाशे ठेवलं. आजही त्या गल्लीत माझं खरं नाव सांगितलं तर दोन-चार जण विचारात पडतील.

नियम मास्तरांचे होते आणि वकिलासकट कुणी त्यांना हरकत घेऊ शकलं नाही. फासा पडला की आकडा मोठ्याने सांगायचा, कारण रणांगणावर फार गोंगाट असतो. डाव टाकण्याआधी प्रत्येक सेनापतीने आपल्या फौजेवरून हात फिरवायचा, एकेका बटणाला बोट लावायचं, कारण ज्याला आपला शिपाई हाताला ओळखू येत नाही तो कसला सेनापती. मास्तर हे करताना डोळे मिटून घ्यायचे. आम्हालाही ते इतकं भारदस्त वाटलं की आम्हीही डोळे मिटून बटणं चाचपायला लागलो. शाळेत मी तर बाकावरच्या पेन्सिलींवरून असा हात फिरवायचो की बाईंनी एकदा घरी निरोप पाठवला.

मास्तर हरायचे नाहीत. वकील नियम काढायचा, मी नद्या काढायचो आणि मास्तर आमची पितळी बटणं काढून घ्यायचे. नदी मी बारीक काढली की त्यांना चालायचं नाही. "जाड काढ रे नकाशे. पुराचं पाणी आहे ते, गटार नव्हे." मग मी खडू आडवा धरून जाड काढायला लागलो.

तर त्या संध्याकाळी मी दुकानात पोचलो तेव्हा मास्तर कपाटापाशी एका गिऱ्हाइकाशी बोलत होते आणि काकू वर होत्या. टेबलावर राखाडी कापड पसरलेलं होतं, त्यावर खडूच्या रेघा होत्या. चादरीवर आदल्या दिवशीचे रस्ते कायमच उरलेले असायचे, ते झटकायचा आळस हाही माझ्याच खात्यात. मी बघितलं राखाडी, बघितल्या रेघा, आणि उचलला खडू. हाताला कापड जरा जास्त मऊ लागलं, एवढंच. मला वाटलं, काकूंनी चादर धुतली असेल. नदी काढून झाली आणि वकिलाच्या धाकट्या भावाने येऊन सांगितलं की तो मावशीकडे गेलाय, आज लढाई नाही. मी हात झटकले आणि घरी गेलो. नदी फार चांगली जमली होती, त्या आनंदात जेवलोही नीट.

आणि सकाळी ते दृश्य.

मास्तर टेबलापाशी उभे होते, एक हात कापलेल्या कडेवर. काकू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, हातात पाण्याची बादली, ती खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नव्हतं. मला वाटलं, मी गप्प राहिलो तर हे दोघं दिवसभर असेच उभे राहतील.

"मास्तर, ती माझी नदी आहे," मी म्हणालो.

मास्तरांनी मान वर केली आणि माझ्या जरासं डावीकडे बघितलं. "कुठली नदी?"

मी सांगितलं. चादर समजून, काल संध्याकाळी, जाड खडूने. सांगताना माझा आवाज बारीक होत गेला. मी वाट बघत होतो की आता ते ओरडतील. ते नुसते कापलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिले, इकडून तिकडे, त्या फुगवट्यापाशी थांबले, परत फिरवलं. एवढ्यात शाळेत जाता जाता मला घ्यायला वकील आला. त्याने एकदा कापड बघितलं, एकदा मला बघितलं आणि सवयीप्रमाणे उलटतपासणी सुरू केली.

"पण मास्तर, कोटाच्या पाठीवर नदी आहे हे तुम्हाला दिसलं नाही का?"

तो सहज बोलला. त्याचा काही हेतू नव्हता. पण मास्तरांचं बोट थांबलं.

"नाही दिसली," काकू म्हणाल्या. "त्यांना दिसत नाही."

मी काकूंकडे बघितलं, मग मास्तरांकडे. मला वाटलं होतं की ते उसळून काहीतरी म्हणतील. पण माझ्याहून जास्त धक्का त्यांना बसलेला दिसत होता. तोंड अर्धवट उघडं, एका हाताने टेप घट्ट धरलेला.

"तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"सांगायला कशाला हवं कुणी? वर्षभर तुमच्या कापडावर खडू जाड कोण ओढतंय? मीच ना?"

"तू म्हणालीस, हात जड झालाय."

"तुम्ही म्हणालात, चष्म्याची काच खराब आहे."

एकाच खोलीत दोन मशिनी चालवणारी ही दोन माणसं वर्षभर एकमेकांपासून तीच एक गोष्ट लपवत होती. तो लपवत होता की दिसत नाही, ती लपवत होती की कळलंय. आणि या कारभारात रोज संध्याकाळी आम्ही दोन शहाणे मध्ये बसून तोफा डागत होतो.

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट धडाधड पडायला लागली. फासा मोठ्याने सांगायचा. पुराची नदी. मिटलेले डोळे. गिऱ्हाईक पायरी चढतानाच नुसत्या नजरेने कमरेचं माप सांगणारे मास्तर हल्ली आधी खांद्यावर हात ठेवून "काय, कसं काय?" करायचे, तेव्हा आम्हाला वाटायचं की वयाबरोबर प्रेमळ झाले. वकिलाने माझी बाही धरली. तो काही बोलत नव्हता, आणि हे त्याच्या बाबतीत आजारपणाचं लक्षण होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मास्तर आमची लढाई सुरू व्हायच्या आधीच एकटे जाऊन आले होते. नस सुकत चाललीय, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब घालून जमेल तेवढी सांभाळायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. थेंबांची बाटली ते मशीनच्या खणात तेलाच्या बाटलीशेजारी ठेवायचे. काकूंनी ती कधीच बघितली होती आणि दोन बाटल्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून तेलाच्या बाटलीला दोरा बांधून ठेवला होता. मास्तरांना तो दोरा रोज हाताला लागायचा. त्यांना वाटायचं, आपणच कधीतरी बांधला असेल.

पण हे सगळं नंतर कळलं. त्या सकाळी प्रश्न कोटाचा होता. साहेब निवृत्त होत होते, निरोपाच्या समारंभात तो कोट घालणार होते, आणि कापड जावयाने लांबून आणलेलं, इथे मिळणारं नव्हतं. बरं, नुसत्या कापडाचं नुकसान असतं तर भरून देता आलं असतं. पण साहेबांनी विचारलं असतं, हे कसं झालं? आणि उत्तर बँकेतून गावभर गेलं असतं. ज्याला दिसत नाही त्याच्या हातात आपलं कापड कोण देणार? त्या खोलीत दुसरं कसलंच उत्पन्न नव्हतं. हे कुणी बोललं नाही. वकिलाला आणि मलासुद्धा ते समजलं, म्हणजे बघा.

मास्तर बराच वेळ कापलेली कड चाचपत होते. मग म्हणाले, "नकाशे, हीच नदी पाठीच्या दुसऱ्या बाजूला काढता येईल? उलटी. आरशात दिसेल तशी."

मला आधी कळेना. काकूंना लगेच कळलं आणि त्यांनी अखेर बादली खाली ठेवली. पाठीच्या एका बाजूला वाकडी शिलाई आली तर ती चूक दिसते. दोन्ही बाजूंना सारखी आली तर ती फॅशन होते.

शाळा बुडाली. मी कागदावर नदी छापून घेतली, कागद उलटा केला आणि त्यावरून दुसरी नदी काढली. फुगवट्यासकट, कारण आता तो फुगवटाही जुळायला हवा होता. आदल्या दिवशी खेळात काढली तेव्हा एका दमात झाली होती, आणि आता जीव ओतून काढायची तर चार वेळा पुसावी लागली. मग प्रश्न आला कापायचं कुणी. मास्तरांनी मोठी कात्री चाचपून उचलली आणि मुठीकडून काकूंपुढे धरली. काकूंनी ती आजवर फक्त पुसली होती. मामाचा नियम मास्तरांनीही पाळला होता, कात्री एकाच हातात.

"मी?" काकू म्हणाल्या.

"कात्रीचा आवाज एकसारखा आला पाहिजे. बदलला तर मी सांगतो, थांब."

काकूंनी कापलं. मास्तर मान तिरपी करून नुसतं ऐकत होते. एकदाच म्हणाले, "थांब, कापड दुमडलंय खाली." खरंच दुमडलं होतं. आम्हा दोघा डोळसांना ते दिसलं नव्हतं.

शिलाई मात्र मास्तरांनीच मारली. वळणावर कापड ऐकेना, तर ते ओलं करून इस्त्रीने समजावलं. दोन जादा शिलायांत पाठ थोडी आवळली गेली. त्याला इलाज नव्हता.

साहेब ट्रायलला आले तेव्हा मी आणि वकील पायरीवर बसून पुस्तक वाचत होतो. पुस्तक उलटं होतं हे नंतर लक्षात आलं. साहेबांनी कोट चढवला, आरशासमोर फिरले, मान वळवून पाठ बघायचा प्रयत्न केला.

"मास्तर, पाठीला हे काय केलंय?"

मशीन थांबली. काकूंचे पाय मशीनवर तसेच राहिले.

"ती पाठ सगळ्यांना नाही शिवत मी," मास्तर म्हणाले. "ज्याला कंबर आहे त्यालाच शोभते."

साहेबांना कंबर असल्याचं गावात कुणाच्याही ऐकिवात नव्हतं. पण त्यांनी पोट आत घेतलं, पुन्हा एकदा आरशात बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मला भीतीच वाटली. आणि गंमत म्हणजे मास्तर हे सगळं साहेबांशी नव्हे, बटणांच्या कपाटाशी बोलले होते. साहेब तिथून कधीच सरकले होते. साहेबांना वाटलं, माणूस लाजाळू आहे.

ते गेल्यावर आम्ही आत आलो. सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण वकिलाला स्वस्थ बसवेना. त्याने विचारलं की दिसत नव्हतं तर लढाईचा उद्योग कशाला मांडलात, डोळ्यांना आणखी ताण.

मास्तरांनी सरळ सांगून टाकलं. डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी ठरवलं की नजर जायच्या आत टेबल पाठ करायचं. कोणतं बटण चार भोकांचं, कोणतं दोन भोकांचं. दोन इंच म्हणजे बोटाच्या कुठल्या पेरापर्यंत, पाच म्हणजे कुठपर्यंत. ठेवलेली वस्तू न बघता पुन्हा त्याच जागी कशी सापडते. एकट्याने दुकानात बसून बटणं चाचपली असती तर बायकोला संशय आला असता. दोन पोरांशी खेळणाऱ्या माणसाला कोण काय म्हणणार?

कोट कापला गेला तेव्हा बसला नव्हता इतका धक्का मला हे ऐकून बसला. मी स्वतःला केवढा सेनापती समजत होतो. रात्री अंथरुणात पडून मोहिमा आखायचो. त्या पितळी बटणासाठी एकदा खरोखर रडलो होतो. आणि हा माणूस समोर बसून आमच्यावर इंच पाठ करत होता.

"म्हणजे आम्ही नुसता सराव होतो?" मी विचारलं. आवाज मला हवा होता त्यापेक्षा जास्त रडका निघाला.

"सराव पहिल्या महिन्यात झाला," मास्तर म्हणाले. "पुढे तुम्हाला हरवायची चटक लागली. तू एवढा छान हरतोस, नकाशे, की सोडवत नाही."

काकू फिसकन हसल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच. मग मलाही रागावणं जमलं नाही.

लढाई दहावीपर्यंत चालू राहिली. काकू आता उघडपणे कापायला लागल्या. कुणी विचारलं तर मास्तर सांगायचे, मोठे कारागीर कात्री धरत नाहीत, नुसतं सांगतात. मी आणि वकिलाने शपथ घेतली होती की हे गुपित आपल्याबरोबर जाईल. वकिलाने तोंड बंद ठेवलं, हा त्याच्या आयुष्यातला विक्रम आहे. मी तर घरीसुद्धा बोललो नाही. पुढे बाहेरगावी कॉलेजला गेल्यावर सुट्टीत आलो होतो, तेव्हा एकदा आईपाशी मन मोकळं करावं म्हणून हळूच विषय काढला. आई गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "अरे, ते सगळ्यांना माहीत आहे. कापते ती, शिवतात ते. चांगलं शिवतात."

मी उडालोच. सगळ्यांना म्हणजे? तर सगळ्यांना. कुणी दुकानाची पायरी चढलं की आपण कोण ते आपणहून सांगायचं, कपड्याचा रंग हातात देता देता बोलून दाखवायचा, ही रीत गल्लीने कधीच लावून घेतली होती. आम्ही दोघं ज्या किल्ल्यावर पहारा देत होतो त्याचे चारही दरवाजे उघडे होते, आणि लोक आम्हाला वाईट वाटू नये म्हणून हळूच ये-जा करत होते. निवृत्त साहेबांनीही पुढे दोन कोट तिथेच शिवले, तसल्याच पाठीचे. त्यांना खरं कळलं होतं, का नुसती कमरेची कौतुकं पुरेशी होती, ते मला आजही माहीत नाही.

हल्ली मी एका ऑफिसात इमारतींच्या पाण्याच्या नळांचे नकाशे काढतो. तिथले काही सहकारी सुट्टीच्या दिवशी जमून टेबलावर युद्ध खेळतात. रंगवलेले इवले इवले शिपाई, डोंगर विकतचे, नियमांचं जाड पुस्तक. त्यांनी मला एकदा बोलावलं. एकाने खिशातून टेप काढला आणि घोडदळ मोजायला लागला. माझा डाव आला तेव्हा मी डोळे मिटून फौजेवरून हात फिरवला. डोळे उघडले तर सगळे माझ्याकडे बघत होते आणि एका घोडेस्वाराचा भाला माझ्या हातात आला होता. रंगवायला म्हणे त्याला तीन आठवडे लागले होते.

पुढच्याच सुट्टीत मी गावी गेलो आणि सरळ दुकानात. पायरी चढताना म्हणालो, "मी नकाशे."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "पाय अजून घासतच चालतोस."

त्यांना आता काहीच दिसत नाही. उजेड आहे की नाही तेवढंसुद्धा नाही. ते खिडकीपाशी बसून हातशिलाई करतात, अस्तरं टाचतात, काजं करतात. मामाने बसवलेलं पहिलं काम शेवटी कामाला आलं, असं म्हणून हसतात. वकिलाचं आता हार्डवेअरचं दुकान आहे. त्याला बोलावून घेतलं, चादर पसरली, नदी काकूंनी काढली. मी मनाशी ठरवलं होतं की जरा सांभाळून खेळायचं, म्हातारा माणूस, दिसत नाही, एखादा डाव सोडू. मी सोडायच्या आतच त्यांनी माझी डावी फळी कापून काढली. माझा सेनापती रिळाच्या मागे लपवला होता. त्यांनी टेबलावरून एकदाच हात फिरवला, थांबले, आणि बरोबर ते रीळ बाजूला करून बटण उचललं. वकील म्हणाला, "माझ्याशी दर आठवड्याला हेच करतात." मी टेबलाकडे बघत राहिलो. मला सगळं दिसत होतं आणि तरीही काय झालं ते कळलं नव्हतं.

मग नवा नियम कळला. मास्तरांना सगळं जमतं, एक सोडून. सुई ओवता येत नाही. काकूंना चष्म्यातूनही आता तिचं भोक सापडायला वेळ लागतो. म्हणून जो हरेल त्याने मास्तरांच्या सुया टोचायच्या छोट्या गादीवरच्या सगळ्या सुया ओवून द्यायच्या, हातभर दोरा ठेवून, म्हणजे त्यांचं काम न अडता चालतं. गावात हरणारे कमी पडत नाहीत, असं काकू म्हणाल्या.

मी ओवायला बसलो. दिवसभर बारीक रेघा काढणारा माणूस मी, पण दोऱ्याचं टोक सुईच्या शेजारून जात होतं. मास्तर टोमणे मारत होते. बसची वेळ झाली, वकील गाडी काढून दारात उभा राहिला. मी गादी मास्तरांच्या हातात दिली आणि उठलो. त्यांनी गादीवरून बोट फिरवलं.

"चार राहिल्यात."

"पुढच्या वेळी, मास्तर."

"पुढच्या वेळी हरशील त्याच्या वेगळ्या. या आत्ताच्या."

बस चुकली असती म्हणून मी निघालो. गेल्या आठवड्यात वकिलाचा फोन आला होता. म्हणाला, तो स्वतः ओवायला बसला होता, पण मास्तरांनी त्या चार सुयांना हात लावू दिला नाही. वेगळ्या चिंधीत टोचून ठेवल्यात. कुणी विचारलं की सांगतात, त्या नकाशेच्या आहेत, तो येऊन ओवेल.

सुट्टीचा अर्ज टाकलाय. ऑफिसातले साहेब बघू म्हणाले.